सूत तुटलं की माग थांबतो : नागोया परिसरातले चार दिवस

टोकियोहून क्योटोला निघालेली आपली मंडळी नागोया बघतात ती शिंकान्सेनच्या खिडकीतून, गाडी फलाटावर थांबते तेवढा वेळ. पण मोटारींत ज्याला रस आहे त्याने जपानमधले चार दिवस काढायचे तर ते इथेच. फक्त सुरुवात गाड्यांपासून करू नये, मागापासून करावी. टोयोटा कापडाच्या धंद्यातून आली हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. "आधी माग बनवायचे, मग मोटारी" एवढं म्हणून लोक पुढे जातात. पण गाडी बनवायची त्यांची रीतच मागातून आली आहे. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर किंवा भिवंडीचे माग ज्याने जवळून पाहिलेत, त्याला ती इथे कुणी न समजावता दिसते.

दौरा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला, मंगळवार ते शुक्रवार. वार मुद्दाम निवडलेले. साकोचं उद्योग संग्रहालय, नागाकुतेचं मोटार संग्रहालय आणि हामामात्सुचं सुझुकी प्लाझा सोमवारी बंद असतात, आणि टोयोटा शहरातलं काइकान, म्हणजे कंपनीचं प्रदर्शनगृह, रविवारी. शनिवार, रविवार, सोमवार धरून गेलात तर निम्मा दौरा बंद दारावरची पाटी वाचण्यात जाईल. हवा या दिवसांत सुरेख असते. दुपारी स्वेटर काढावासा वाटतो, पण पावणेपाचला सूर्य मावळतो आणि मग जॅकेट लागतंच. उघड्यावरचं सगळं तीनच्या आत उरका.

दिवस पहिला, मंगळवार : साको

नागोयाची सकाळ कॉफीच्या दुकानात सुरू होते. साधारण अकरापर्यंत नुसती कॉफी मागितली तरी तेवढ्याच पैशांत टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. याला इथे 'मॉर्निंग' म्हणतात. थोडे जास्त पैसे मोजले की ओगुरा टोस्ट मिळतो: जाड पाव, लोणी आणि वर अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड सारण. वेलदोडा घालायला विसरलेलं पुरण समजा. शाकाहारी माणसाला नागोयात हमखास मिळणारं पोटभरीचं खाणं हेच. नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क जवळपास नेहमीच असतो, वर नुसत्या भाज्या दिसत असल्या तरी.

साको हे मेइतेत्सु रेल्वेवरचं नागोयाच्या शेजारचंच स्टेशन, पण नागोयाच्या फलाटावर जरा जपून. दोनच रूळ आहेत आणि त्यांवर एकामागून एक वेगवेगळ्या ठिकाणच्या गाड्या येत राहतात. फलाटावर आखलेल्या रंगीत रेषा आणि वरचा फलक जुळवून योग्य रांगेत उभं राहायचं. साकोला लोकलच थांबते. जलद गाडीत बसलात तर थेट पुढच्या गावी पोचता. चालायची तयारी असेल तर नागोया स्टेशनपासून पंचवीस मिनिटं लागतात, रस्ता सपाट आहे.

संग्रहालयाच्या लाल विटांच्या भिंती जुन्या गिरणीच्या. टोयोटाचे मूळ पुरुष साकिचि टोयोडा यांनी १९११ साली या जागेवर आपला विणकाम कारखाना काढला. त्याच्या आदल्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना थाटला होता. या योगायोगाचा धागा पुढे खरोखरच जुळतो. टोयोटा आणि किर्लोस्कर यांची पहिली भागीदारी १९९५ सालची, आणि ती मोटारींची नव्हतीच. ती होती सूतकताईच्या यंत्रांची, बंगळूरजवळ. मोटारींचा करार दोन वर्षांनी झाला.

आत शिरताच दालनाच्या मधोमध साकिचींचा वर्तुळाकार माग उभा आहे, १९०६ सालच्या कल्पनेवरचा. साध्या मागात धोटा (आडवं सूत नेणारा होडीसारखा तुकडा) एका टोकाला जाऊन थांबतो आणि टोला खाऊन परत फिरतो. प्रत्येक फेरीत तो थांबवायचा आणि पुन्हा पळवायचा, यात ताकद वाया जाते आणि कान बधिर होतात. धोटा गोल फिरत राहिला तर? कल्पना अप्रतिम होती, पण बाजारात हा माग चालला नाही. न चाललेलं यंत्र दारात मानाने मांडायचं, हे आवडलं.

कापड विभाग कापसाच्या बोंडापासून सुरू होतो. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या बाईंनी सरकी काढलेला कापूस दोन बोटांत धरून नुसता ओढला, तो तुटला. मग ओढता ओढता पीळ दिला, तर सूत झालं. भाषा न कळणाऱ्यालाही एवढ्यात सूतकताई समजते. इथे मुंबईकराने एक गोष्ट लक्षात ठेवावी: जपानच्या सूतगिरण्या वाढल्या त्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसावर. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने मुंबई ते जपान ही बोटींची सेवा सुरू केली, ती या कापसासाठीच.

आता ज्यासाठी यायचं ते. १९२४ सालचा 'जी' माग. यासमोर अर्धा तास काढा आणि प्रात्यक्षिकाची वेळ आत शिरतानाच विचारून ठेवा. बाकी धावत पाहिलं तरी चालेल.

चालू केल्यावर आवाज तोच, डोळे मिटले तर मालेगावची गल्ली. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला बाण्याचा, म्हणजे आडव्या सुताचा. साध्या मागावर धोट्यातली सुताची कांडी संपली की माग बंद करायचा, धोटा काढायचा, भरलेला घालायचा आणि पुन्हा चालू करायचा. जुन्या धोट्यात तर भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यावं लागे. कापसाची धूळ आणि दुसऱ्याची थुंकी दोन्ही पोटात जायची. 'जी' मागात कांडीवरचं सूत संपत आलंय हे एक चाचपणारा काटा ओळखतो. बाजूच्या खोक्यात भरलेले धोटे एकावर एक रचलेले असतात. त्यातला खालचा धोटा पुढे ढकलला जातो, तो रिकाम्याला बाहेर फेकतो, आणि हे सगळं माग पूर्ण वेगात चालू असताना. पहिल्या दोन वेळा काही दिसतच नाही. तिसऱ्यांदा हातावर नजर न ठेवता खालच्या टोपलीकडे बघा, रिकामा धोटा पडताना दिसेल.

दुसरा फरक ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकवलेली असते, आपल्याकडे तिला ड्रॉपर म्हणतात. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की ती खाली पडते, खाली सतत मागेपुढे हलणाऱ्या दातेरी पट्टीच्या वाटेत येते, ती अडते आणि माग थांबतो. वीज नाही, सेन्सर नाही, नुसतं पट्टीचं वजन. प्रात्यक्षिकात एक धागा बोटाने तोडून दाखवतात. खटकन शांतता होते. त्या शांततेत गाठ मारली जाते आणि माग पुन्हा सुरू.

ही यंत्रणा नसेल तर काय होतं हे आपल्या मागवाल्यांना सांगायला नको. धागा तुटल्याचं उशिरा कळतं, तोवर दोन-तीन मीटर कापडात रेघ पडलेली असते आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून माणूस सतत नजर ठेवून उभा. माग स्वतःच थांबू लागला की माणसाला उभं राहायचं कारण उरत नाही. तो तीसहून अधिक माग सांभाळतो आणि थांबलेल्याकडेच जातो. टोयोटात याला 'जिदोका' म्हणतात. या शब्दाचा नेहमीचा अर्थ स्वयंचलन. पण टोयोटा लिहिते तेव्हा मधल्या चित्रलिपीच्या अक्षराला माणसाची खूण जोडते. यंत्र आपोआप चालतं यापेक्षा चूक झाल्यावर ते माणसासारखं थांबतं, हे त्यांना महत्त्वाचं वाटतं.

१९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घ्यायचा करार केला. आपल्या जुन्या गिरण्यांतून ज्या प्लॅटची यंत्रं गरगरत होती, तीच ही कंपनी. या पैशातून मोटार उभी राहिली असं सर्रास सांगतात. ते ऐकायला छान आहे, पण मंदीमुळे प्लॅटने नंतर रक्कम कमी करून घेतली, आणि मोटारीसाठी लागलेला पैसा त्याहून कितीतरी जास्त होता. तो मागांच्या कंपनीतूनच आला.

मोटार विभागात साकिचींचे चिरंजीव किइचिरो भेटतात. १९३३ साली त्यांनी एक शेव्हरोले विकत घेतली आणि कारियाच्या माग-कारखान्यात तिचा प्रत्येक भाग सुटा करून मोजला. लोखंड ओतायचा अनुभव त्यांच्याकडे होता, मागाचे सांगाडे ते रोजच ओतत. पण इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक हे वेगळंच प्रकरण. त्याच्या भिंतींतून पाणी खेळवायला पोकळ्या लागतात. त्या पोकळ्यांच्या आकाराचे वाळूचे गाभे साच्यात बसवून भोवती रस ओततात. गाभा किंचित सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते. गाभ्यातल्या वायूला बाहेर पडायला वाट नसली की रसात बुडबुडे अडकतात. आणि हे बाहेरून दिसत नाही, आतला भाग कातल्यावर कळतं. तोवर मेहनत वाया गेलेली असते. असे ब्लॉक शेकड्यांनी भंगारात गेले. तेल मिसळून भाजलेल्या वाळूचे गाभे जमले तेव्हा कुठे १९३४ मध्ये ३.४ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन सुरू झालं. तेही शेव्हरोलेएवढी ताकद देईना. सिलिंडर हेडची रचना बदलल्यावर ते मूळ इंजिनाच्या पुढे गेलं. गाभे आणि ब्लॉक मांडून ठेवलेत ते नीट पाहा. लोक इथून पटकन पुढच्या चकचकीत गाडीकडे जातात.

ती चकचकीत गाडी म्हणजे १९३६ ची 'एए'. समोर आहे ती प्रतिकृती, कंपनीने पन्नाशीच्या निमित्ताने बनवलेली. मूळ गाड्या चौदाशेच्या आसपास निघाल्या आणि जपानमध्ये एकही उरली नाही. एक बऱ्याच वर्षांनी रशियाच्या पूर्व टोकाला सापडली, ती आता नेदरलँड्समधल्या एका संग्रहालयात आहे. नावाची गोष्टही १९३६ ची. बोधचिन्हासाठी लोकांकडून सूचना मागवल्या, हजारोंनी आल्या, आणि त्यातून 'टोयोडा'चं 'टोयोटा' झालं. जपानी लिपीत 'डा'वरच्या दोन टिकल्या गेल्या की दहा फटकाऱ्यांचे आठ होतात, आणि आठ हा तिकडे भरभराटीचा आकडा.

तिकीट हजार येनच्या आसपास. वेळ किमान चार तास धरा. बंद व्हायची वेळ पाच.

दिवस दुसरा, बुधवार : टोयोटा शहर आणि ओकाझाकी

त्सुरुमाई भुयारी मार्गाची थेट गाडी टोयोटाशी स्टेशनला जाते, तासाभराचा प्रवास. तिथून शेजारच्या शिन-टोयोटा स्टेशनवर जाऊन आइची लूप रेल्वेने मिकावा-टोयोटा गाठायचं, मग पंधरा-वीस मिनिटं पायी. कंपनीचा पत्ता 'टोयोटा-चो, क्रमांक १'. शहराचं मूळ नाव कोरोमो. उच्चाराने हा शब्द जपानीत 'वस्त्र' असाही ऐकू येतो. रेशीमकोशांच्या व्यापारावर जगणाऱ्या या गावाचा धंदा १९३० नंतर बसला. तिथल्या माळावर १९३८ मध्ये मोटार कारखाना आला आणि १९५९ साली गावाने कंपनीचं नाव घेतलं. जुनं नाव 'उवागोरोमो' सारख्या स्टेशनांच्या पाट्यांवर उरलंय.

काइकान फुकट आहे. कारखान्याची फेरी मात्र आधी ऑनलाइन नोंदवावी लागते आणि ती नेहमी चालू असतेच असं नाही. तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. फेरीत मोबाइल बाहेर काढता येत नाही. वहीही दूर ठेवून नुसतं बघणंच बरं.

जोडणीच्या शेडमध्ये उंचावरच्या पुलावरून चालायचं असतं. वर एक फलक टांगलेला, त्यावर कामाच्या जागांचे क्रमांक. हा 'आंदोन', मूळ अर्थ कागदी कंदील. खाली गाड्या चालीच्या वेगापेक्षाही हळू सरकतात, आणि कामगारांच्या डोक्याच्या उंचीवर एक दोरी सलग गेलेली असते. एखाद्याचा बोल्ट नीट बसला नाही की तो दोरी ओढतो. छोटी धून वाजते, फलकावर त्याचा क्रमांक पिवळा होतो, आणि गटप्रमुख चालत येतो. पळत नाही. पट्टा लगेच थांबत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. जमिनीवर रेघ आखलेली असते. गाडी तिथवर पोचायच्या आत दोष निघाला तर पुन्हा दोरी ओढतात आणि काम सुरूच राहतं. नाही निघाला तर क्रमांक लाल होतो आणि तेवढा पट्टा थांबतो. तो रेघेवरच थांबत असल्याने शेजारच्या कुणाचं काम अर्धवट लटकत नाही. एका फेरीत चार-पाच वेळा धून ऐकू येते. कालच्या मागावरची पोलादी पट्टी आठवली नाही तर साकोला पुन्हा जावं.

हे साम्य वरवरचं नाही. ही पद्धत घडवणारे ताइइचि ओहनो मुळात टोयोडाच्या कापड गिरणीतले, १९४३ साली ते मोटार कंपनीत आले. तिथे प्रत्येक लेथसमोर एक माणूस उभा राहून यंत्राकडे बघत असे. गिरणीत एक पोरगी डझनांनी माग सांभाळते आणि इथे एका माणसाला एक यंत्र? त्यांनी लेथ काटकोनात मांडले आणि एकाकडे दोन यंत्रं दिली, मग आणखी. कामगार खूश झाले नाहीत, हे उघड आहे.

दुसरी अर्धी पद्धत म्हणजे हवं तेव्हा हवं तेवढंच. डब्याबरोबर एक चिठ्ठी फिरते, 'कानबान'. तिच्यावर भागाचा क्रमांक, डब्यात किती नग, कुठून आला, कुठे जायचा. डबा वापरायला घेतला की चिठ्ठी मागे जाते आणि तीच पुढची मागणी. चिठ्ठी नसेल तर एक नगही बनवायचा नाही. हे शहाणपण पैशाच्या चणचणीतून आलं. १९४९ मध्ये बाजार कोसळला, न विकलेल्या ट्रकांत पैसा अडकला, पगार थकले, आणि माणसं काढणार नाही असा शब्द दिलेल्या किइचिरोंना १९५० साली दीड हजारांहून अधिक कामगार कमी करावे लागले. संप मिटवताना त्यांनी स्वतः राजीनामा दिला. त्यानंतर वीस दिवसांनी कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकन सैन्याची हजार ट्रकांची मागणी आली. १९५२ साली, परतायची तयारी चालू असताना, ते सत्तावन्नाव्या वर्षी गेले. काइकानमध्ये हे दोन ओळींत उरकलंय.

साठा नसला की काय होतं, तेही सांगायला हवं. १ फेब्रुवारी १९९७ ला कारियातल्या आयसिन कंपनीच्या कारखान्यात आग लागली. तिथे मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा, मुठीत मावेल असा व्हॉल्व्ह बनत असे, आणि टोयोटाचे जवळपास सगळे व्हॉल्व्ह तिथूनच येत. साठा काही तासांचा. जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यांचे पट्टे थांबले. मग कित्येक पुरवठादारांनी आराखडे घेऊन मिळेल त्या यंत्रावर व्हॉल्व्ह कातले, त्यात शिलाई मशिनवाली ब्रदर कंपनीही होती. आठवड्याभरात काम सुरू झालं. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांना इलेक्ट्रॉनिक चिप्सचा साठा करायला लावला. आणि २९ ऑगस्ट २०२३ ला जपानमधले चौदा कारखाने बंद पडले ते सर्व्हरच्या डिस्कवर जागा संपल्यामुळे. डबे कमी ठेवण्यात जगाला धडे देणाऱ्यांना जागा कमी पडली.

परतताना लूप रेल्वेने मागे न फिरता आलात त्याच दिशेने पुढे जा, नाका-ओकाझाकीला उतरा. ओकाझाकीच्या किल्ल्यापासून आठ 'चो', म्हणजे साधारण पाऊण-एक किलोमीटरवर, म्हणून इथल्या मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) नाव हात्चो. सोयाबीन आणि मीठ सहा टनी लाकडी पिंपांत भरतात, वर नदीतले गोटे शंकूसारखे रचून तीनेक टनांचं वजन ठेवतात, आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे हात लावत नाहीत. गोटे रचायला सिमेंट नाही, दोरी नाही. सकाळी काही तासांचा साठा, दुपारी दोन वर्षांचा. चवीला मिसो काळपट, उग्र, थोडा आपल्या काळ्या मसाल्याच्या वाटणासारखा चिकटून राहणारा. त्यात बुडवलेलं डुकराच्या मांसाचं कटलेट, मिसो-कात्सु, नागोयाची शान. न खाणाऱ्यांनी मिसोची पुडी घ्यावी, घरी वांग्याला लावून भाजली की झकास लागते.

दिवस तिसरा, गुरुवार : नागाकुते

हिगाशियामा भुयारी मार्गाचं शेवटचं स्टेशन फुजिगाओका. तिथून लिनिमो ही चुंबकावर तरंगणारी छोटी गाडी गेइदाइ-दोरीला नेते. २००५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली. याच मार्गावर २०२२ पासून घिबली पार्क (घिबली स्टुडिओच्या ॲनिमेशनपटांवरचं उद्यान) सुरू झाल्याने सकाळी गर्दी उसळते, म्हणून नऊच्या आत निघा.

मोटार संग्रहालय १९८९ चं, सुमारे १४० गाड्या मांडलेल्या आणि बहुतेक चालू स्थितीत ठेवलेल्या. यात टोयोटा अल्पसंख्य आहे, आणि संग्रहालयाचं मोठेपण त्यातच. फोर्ड टी समोर थांबा. फोर्डने १९२५ मध्ये योकोहामात आणि जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाकात सुट्या भागांतून गाड्या जोडायला सुरुवात केली होती. १९३६ च्या कायद्याने जपान सरकारने त्यांचे पाय बांधले नसते तर किइचिरोंची 'एए' किती विकली गेली असती, हा प्रश्न पाटीवर नाही, पण पडायला हवा. विक्रीचं शास्त्रही तिकडूनच आलं. पहिल्या 'जी१' ट्रकांचं सतत काही ना काही मोडायचं, तेव्हा ग्राहक सांभाळणारे शोतारो कामिया जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतून आले होते.

१९५५ ची क्राउन इथे ऐटीत उभी आहे. १९५७ साली ती अमेरिकेला गेली आणि सपशेल आपटली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी ती मजबूत आणि जड बनवलेली. तिकडच्या महामार्गावर वेग पकडताना इंजिन तापायचं. काही वर्षांत निर्यात आवरती घेतली. १९६६ च्या कोरोलात हा धडा दिसतो: प्रतिस्पर्धी सनी १००० सीसीची, तर ही ११००. तेवढ्या शंभर सीसींची जाहिरात झाली. २०२१ पर्यंत कोरोला या नावाने ५ कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. शेजारची २०००जीटी फोटोसाठी छान, यामाहाच्या मदतीने बनलेल्या त्या जेमतेम साडेतीनशे. धंद्याच्या दृष्टीने ती दागिनाच.

१९८४ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यात, बऱ्याचशा त्याच कामगारांना घेऊन, टोयोटाने भागीदारीत काम सुरू केलं आणि दर्जा सुधारला. दोरी ओढणाऱ्याला शिक्षा होत नाही, हे पटवण्यात सगळा वेळ गेला. तो कारखाना आज टेस्लाकडे आहे. १९८९ ची लेक्सस, १९९७ ची प्रियस, आणि २००८ साली विक्रीत जनरल मोटर्सच्या पुढे. लगेच २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवायची वेळ आली, आणि किइचिरोंचे नातू आकिओ टोयोडा यांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे माफी मागावी लागली. फार वेगाने वाढलो, असं त्यांनीच कबूल केलं. २०२३ मध्ये समूहाने १ कोटी १२ लाखांच्या आसपास गाड्या विकल्या.

आपल्याकडची क्वालिस इथे शोधू नका. इंडोनेशियातल्या किजांगवरून आलेली ती गाडी २००० साली बंगळूरजवळच्या बिदादीतून निघाली आणि पाच वर्षांत इनोव्हाला जागा देऊन गेली. शिर्डी, पंढरपूरच्या रस्त्यांवर तिने मारलेल्या फेऱ्या कुठल्याच संग्रहालयात लागणार नाहीत. २०२४ साली छत्रपती संभाजीनगरात कारखान्यासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार झाला आहे. दोरी आणि कंदील तिकडेही येतील.

दिवस चौथा, शुक्रवार : कोसाई आणि हामामात्सु

सामान सकाळीच कुरिअरने टोकियोच्या हॉटेलात पाठवून द्या, नागोयाला परत यायचं कारण नाही. जेआर रेल्वेच्या जलद गाडीने तोयोहाशी, तिथे गाडी बदलून तिसरं स्टेशन वाशिझु. तिथून साकिचींच्या घरापर्यंत टॅक्सी करा. परतीची टॅक्सी उतरतानाच ठरवून ठेवा, गावात रस्त्यावर ती मिळत नाही. बाहेर संत्र्यांच्या बागा लगडलेल्या. वाटेत माणूस नसलेल्या मांडवात मिकान संत्र्यांच्या पिशव्या आणि शेजारी नाण्यांचा डबा. सुटी नाणी जवळ ठेवा.

सुताराच्या घरी १८६७ साली साकिचि जन्मले, ते हे गवताने शाकारलेलं घर. अंगणात बसायला जागा, मागच्या टेकडीवरून हामाना सरोवराची बाजू. गर्दी नाहीच, सकाळभर आम्ही आणि झाडणारे एक आजोबा. त्यांनी खुणेने सांगितलं ते एवढंच, की बूट काढून आत जा, आणि मागाला हात लावू नका.

तो माग १८९० चा, सगळा लाकडी. तेव्हाचा विणकर एका हाताने धोटा टाकी, दुसऱ्याने झेली, मग हात सोडून फणी ठोके. साकिचींनी एवढंच केलं की फणी एका हाताने मागेपुढे ओढली की धोटा त्याच हालचालीत पळतो. दुसरा हात मोकळा झाला, काम निम्म्याने वाढलं आणि कापड एकसारखं येऊ लागलं. दोऱ्या आणि खुंट्यांची जोडणी डोळ्यांनी शोधायला पाच मिनिटं लागतात. सापडली की मागचे तिन्ही दिवस उलटे उलगडतात.

वाशिझुहून पूर्वेला चौथं स्टेशन ताकात्सुका. वाटेत बेंतेनजिमापाशी सरोवरात उभी लाल कमान उजव्या खिडकीतून दिसते. ताकात्सुकाहून दहा मिनिटं चालून सुझुकी प्लाझा. प्रवेश फुकट, पण आधी नोंदणी हवीच. आपल्या मारुतीमुळे सुझुकी घरच्यासारखी वाटते, म्हणून इथे थेट ८०० सारखी गाडी शोधायला जावंसं वाटतं. त्याआधी इतिहासाच्या दालनात जा. मिचिओ सुझुकी हेही सुताराचं काम शिकलेले. १९०९ साली त्यांनी हामामात्सुत काढलेला कारखाना मागांचाच होता. पहिली मोटार आली १९५५ मध्ये. साकिचींच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर. आज टोयोटाकडे सुझुकीचा ५ टक्क्यांच्या आसपास वाटा आहे, आणि आपल्याकडे बलेनो शेजारच्या शोरूममध्ये ग्लान्झा म्हणून मिळते.

दालनात मिचिओंचा माग उभा आहे. खाली पायटा, वर दोन धोटे, कारण त्याला रंगीत पट्ट्यांचं कापड विणायचं होतं. हामामात्सुहून टोकियोला शिंकान्सेनची कोदामा गाडी घ्या, सर्वांत जलद नोझोमी इथे थांबतच नाहीत. फलाटावर थंड वारं असतं, आणि संत्री सोलायला पुरेसा वेळ.